बंद वाटेवरची गाडी
जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए (1907–1964)

वाचण्याआधी: हा पाठ थोडा मोठा आहे. एका दमात वाचायलाच हवा असं नाही. रोज दोन भाग वाचा, जमलं तर मोठ्याने वाचा. एखादा शब्द अडला तर लगेच थांबू नका. पुढच्या एक-दोन वाक्यांत त्याचा अर्थ बहुतेक वेळा उलगडतो.

1. वाळू आणि बर्फ

तुम्ही संयुक्त अरब अमिरातीत राहत असाल, तर वाळवंटातली सफर तुम्हाला नवी नसेल. शारजातल्या अल बदायरच्या लाल टेकड्यांकडे गाडी निघते. डांबरी रस्ता संपतो. पण वाळूत शिरण्याआधी ड्रायव्हर गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि चारही चाकांतली हवा कमी करतो. असं का बरं?

हवा कमी झाली की टायर पसरतो आणि जमिनीवर जास्त टेकतो. गाडीचं वजन तेवढंच राहतं, पण ते जास्त जागेवर वाटलं जातं. त्यामुळे चाक वाळूत कमी रुततं. रुतणं म्हणजे मऊ जमिनीत आत अडकून बसणं. उंटाचा पाय बघा. तो रुंद आणि पसरट असतो, म्हणून उंट वाळूवरून आरामात चालतो.

अशा मऊ, मोकळ्या, पायाखाली खचणाऱ्या जमिनीला मराठीत एक छान शब्द आहे: भुसभुशीत. वाळू भुसभुशीत असते आणि नुकताच पडलेला बर्फही भुसभुशीत असतो. दुबईत बर्फावर खेळायचं तर 2005 साली सुरू झालेल्या स्की दुबईत जावं लागतं. तिथे बर्फ ही मजा आहे. पण जगात अशीही गावं होती, जिथे दर हिवाळ्यात बर्फ पडला की रस्ता बंद व्हायचा आणि वसंत ऋतू येईपर्यंत बंदच राहायचा.

अशाच एका गावातल्या माणसाची ही गोष्ट आहे. भुसभुशीत बर्फावरून गाडी कशी न्यायची, हा एकच प्रश्न त्याने जवळजवळ आयुष्यभर सोडला नाही.

2. वालकूरचा मुलगा

कॅनडात क्वेबेक नावाचा मोठा प्रांत आहे. तिथले बहुतेक लोक फ्रेंच बोलतात. या प्रांताच्या दक्षिण भागात, माँट्रियल शहराच्या पूर्वेला, वालकूर हे लहान गाव आहे. 16 एप्रिल 1907 रोजी तिथे जोसेफ-आर्मां बोम्बार्डिएचा जन्म झाला. घरात आठ भावंडं आणि आर्मां सगळ्यांत थोरला. वडील आल्फ्रेड आधी शेती करायचे, नंतर त्यांनी गावात दुकान टाकलं.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. आर्मांचंही तसंच होतं. जुन्या घड्याळांची यंत्रं काढायची, ती आपल्या खेळण्यांत बसवायची आणि खेळणी आपोआप चालवायची, हा त्याचा आवडता उद्योग. घरातली वस्तू उघडून बघायची सवय तुम्हालाही असेल, तर पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. हळूहळू खेळणी मोठी होत गेली.

आर्मां 15 वर्षांचा झाला, तेव्हा वडिलांनी त्याला फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाडीचं एक जुनं इंजिन दिलं. पोरगा त्यात गुंतून राहील, असा त्यांचा विचार. आर्मां खरंच गुंतला. त्याने आणि धाकट्या भावाने, लेओपोल्डने, एक घसरगाडी बनवली. घसरगाडी म्हणजे चाकांऐवजी लांब पट्ट्यांवर घसरत जाणारी गाडी. तिच्यावर त्यांनी ते इंजिन बसवलं आणि मागे लाकडाचा मोठा पंखा लावला, अगदी विमानाला असतो तसा.

31 डिसेंबर 1922. वर्षाचा शेवटचा दिवस. वालकूरच्या बर्फाळ रस्त्यावरून एक विचित्र गाडी प्रचंड आवाज करत निघाली. घोडा नाही, चाक नाही, आणि तरी ती धावत होती! दोघं भाऊ तिच्यावर बसले होते. लोक घराबाहेर येऊन बघत राहिले.

वडील मात्र घाबरले. मागचा पंखा उघडाच गरगरत होता. कोणी जवळ आलं असतं तर? त्यांनी गाडी ताबडतोब मोडायला सांगितली. आर्मांने ऐकलं आणि गाडीचे भाग सुटे केले. पण बर्फावर इंजिनाने गाडी चालू शकते, हे आता त्याला माहीत झालं होतं. गाडी मोडता येते, कळलेली गोष्ट कशी मोडणार?

3. गॅरेज

वडिलांना वाटत होतं, मुलाने पाद्री व्हावं. पाद्री म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. त्यासाठी त्यांनी त्याला शेरब्रुक शहरातल्या शाळेत घातलं होतं. आर्मांचं मन तिथे रमेना. शेवटी वडिलांनी त्याचं म्हणणं मान्य केलं, आणि 17 वर्षांचा आर्मां एका गॅरेजमध्ये काम शिकू लागला. नंतर तो माँट्रियलला गेला. दिवसा गाड्यांची दुरुस्ती आणि संध्याकाळी यंत्र आणि वीज या विषयांचे वर्ग. घरची भाषा फ्रेंच, पण यंत्रांवरची बरीच पुस्तकं इंग्रजीत. म्हणून तो इंग्रजीही शिकला. घरी एक भाषा आणि कामाला दुसरी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

1926 साली, वयाच्या 19 व्या वर्षी, त्याने वालकूरला परत येऊन स्वतःचं गॅरेज उघडलं. वडिलांनी पैसे उसने दिले. उसने म्हणजे परत करायच्या बोलीवर. आर्मांने ते फेडलेही. त्याच्या हाताला गुण होता. ज्या गाडीवर दुसऱ्यांनी हात टेकले, ती गाडी इथे यायची. लागणारी हत्यारंसुद्धा तो पुष्कळदा स्वतः बनवायचा.

1929 साली इव्होन लाब्रेक यांच्याशी त्याचं लग्न झालं. आता तो संसारी माणूस झाला, म्हणून इथून पुढे आपण त्याला ‘ते’ म्हणू. मराठीत मोठ्या माणसाबद्दल लिहिताना आपण असाच आदर दाखवतो, नाही का?

उन्हाळ्यात बोम्बार्डिए यांच्या गॅरेजला मान वर करायला वेळ नसायचा. हिवाळ्यात मात्र कामच नसे. कारण उघड होतं. त्या काळी तिथल्या खेड्यांतले रस्ते कोणी साफ करत नसे. बर्फ पडला की लोक मोटार घरात ठेवून द्यायचे आणि घोड्याची घसरगाडी काढायचे. डॉक्टर घोड्यावर अवलंबून, टपाल घोड्यावर अवलंबून. हिवाळ्यातला हा रिकामा वेळ बोम्बार्डिए प्रयोगांसाठी वापरत. एक गाडी बनवायची, बर्फात न्यायची, कुठे अडते ते बघायचं, सुटी करायची आणि पुन्हा बनवायची. अशी काही वर्षं गेली.

4. जानेवारी 1934

बोम्बार्डिए दांपत्याचा एक मुलगा होता. त्याचं नाव इव्हाँ. वय दोन वर्षं.

1934 च्या जानेवारीत इव्हाँ आजारी पडला. पोटात गंभीर संसर्ग झाला होता. त्याला ताबडतोब इस्पितळात न्यायला हवं होतं. इस्पितळ होतं शेरब्रुकला, सुमारे 50 किलोमीटर दूर. तुमच्या शहरात हे अंतर म्हणजे गाडीने तासाभराचाही प्रवास नाही.

पण रस्ता बर्फाखाली गेला होता. मोटार चालणार नव्हती. आणि बर्फावर चालणारी गाडी? ती गॅरेजमध्येच होती, पण अजून अपुरी, पुढच्या प्रयोगासाठी सुटी करून ठेवलेली.

इव्हाँ वाचला नाही.

महाराष्ट्रातही ‘रस्ता तुटणे’ हा शब्दप्रयोग आहे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की सह्याद्रीतल्या काही वाड्या-पाड्यांचा रस्ता तुटतो. मग आजारी माणसाला डोलीत निजवून, खांद्यावरून डोंगर उतरवून दवाखान्यात नेतात. डोली म्हणजे लांब काठीला बांधलेली झोळी. घरी आजी-आजोबांना विचारा, त्यांनी अशी डोली पाहिली असेल. एका ठिकाणी बर्फ, दुसऱ्या ठिकाणी पूर. आत अडकलेल्या घरातली काळजी मात्र तीच.

बोम्बार्डिए त्याआधीही प्रयोग करत होतेच. त्यामुळे मुलगा गेला आणि मग त्यांना कल्पना सुचली, असं म्हणणं खरं होणार नाही. पण ज्या गाडीवर ते इतकी वर्षं काम करत होते, ती नसल्यामुळे काय होऊ शकतं, हे आता त्यांच्या घरानेच भोगलं होतं.

5. दातेरी चाक आणि रबरी पट्टा

बर्फावर मोटार नेण्याचा विचार करणारे बोम्बार्डिए पहिलेच नव्हते. अडॉल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच माणसाने रशियाच्या बादशहाच्या मोटारींना मागे चाकांऐवजी पट्टे बसवले होते. पण बोम्बार्डिए यांना हवी होती खेड्यातल्या लोकांच्या उपयोगाची गाडी. ती हलकी हवी, खोल आणि भुसभुशीत बर्फातही न रुतणारी हवी, आणि बिघडली तर दुरुस्त करता येण्याजोगी हवी.

1935 च्या सुमाराला त्यांना जमलं. कसं, ते समजून घेऊ.

तुम्ही रस्त्याच्या कामावर पोकलेन मशीन पाहिलं असेल. त्याला गोल टायर नसतात. चाकांभोवती एक लांब पट्टा फिरत असतो. पण पोकलेनचा पट्टा लोखंडी आणि फार जड असतो. बोम्बार्डिए यांनी रबराचे दोन पट्टे घेतले आणि ते पोलादाच्या आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडले, शिडीला पायऱ्या असतात तसे. मग एक दातेरी चाक बनवलं. दातेरी म्हणजे कडेला दात असलेलं, सायकलच्या चेनखाली असतं तसं. या चाकावर रबर चढवलेलं होतं. इंजिन दातेरी चाक फिरवतं, चाकाचे दात आडव्या पट्ट्यांत अडकतात आणि अख्खा पट्टा फिरू लागतो. गाडीचं वजन पट्ट्याच्या संपूर्ण लांबीवर वाटलं जातं. पुढे चाकांच्या जागी दोन स्की असतात, वळण्यासाठी.

म्हणजे बघा, वाळवंटातला ड्रायव्हर टायर पसरवून जे करतो, तेच बोम्बार्डिए यांनी पट्टा लावून केलं. वजन कमी करता येत नसेल, तर ते वाटून टाकायचं.

1937 साली त्यांना या रचनेचं पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे आपल्या शोधावरचा कायदेशीर हक्क. दुसरा कोणी परवानगीशिवाय त्याची नक्कल करू शकत नाही. पुढच्या आयुष्यात त्यांनी अशी 40 हून अधिक पेटंट मिळवली.

6. धंदा उभा राहतो

पहिल्या गाडीचं नाव होतं बी 7. ‘बी’ बोम्बार्डिए यांचा आणि 7 म्हणजे सात माणसांची जागा. गाडी कोणी घेतली असेल? डॉक्टरांनी, टपाल पोचवणाऱ्यांनी, पाद्र्यांनी, हॉटेलवाल्यांनी. थोडक्यात, ज्यांना बर्फ पडला म्हणून घरी बसणं परवडत नव्हतं, त्यांनी.

मागणी वाढली. 1940 साली वालकूरमध्ये नवा कारखाना उभा राहिला. दोन वर्षांनी, 1942 मध्ये, रीतसर कंपनी स्थापन झाली. त्याच सुमाराला बी 12 आली. हिच्यात बारा माणसं बसत. खिडक्या जहाजासारख्या गोल होत्या. पुढे सी 18 नावाची त्याहून मोठी गाडी निघाली आणि तिच्यातून शाळेची मुलं जाऊ लागली. बर्फ पडला म्हणून शाळेला सुट्टी, ही सबब संपली! मुलांना ते कितपत आवडलं असेल, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने सैन्यासाठीही बर्फावर चालणाऱ्या गाड्या बनवल्या. युद्ध संपलं आणि पुन्हा गावांची मागणी सुरू झाली. धंद्याला चांगली गती आली होती.

7. रस्ते मोकळे झाले, आणि...

1948 साली क्वेबेक सरकारने एक निर्णय घेतला. खेड्यांकडे जाणारे मुख्य रस्तेही हिवाळ्यात यंत्रांनी साफ करायचे, बर्फ हटवायचा आणि वाहतूक चालू ठेवायची.

गावांसाठी याहून चांगली बातमी नव्हती. आजारी मूल असलेल्या आई-वडिलांना आता साध्या मोटारीने इस्पितळ गाठता येणार होतं. असा मोकळा रस्ता 1934 च्या जानेवारीत असता तर? बोम्बार्डिए यांच्या मनात हा विचार आला असेल का, ते आपण फक्त मनाशी विचारू शकतो.

पण कारखान्यासाठी हीच बातमी वाईट होती. रस्ते मोकळे झाले, मग बर्फातली मोठी गाडी कोण घेणार? विक्री झपाट्याने खाली आली.

अशा वेळी माणूस काय करतो? सरकारवर रागावतो किंवा दुकान बंद करतो. बोम्बार्डिए यांनी वेगळा विचार केला. रस्ते साफ झाले ते गावांचे. पण जिथे रस्ताच नाही, तिथे काय? कॅनडात मैलोन् मैल जंगलं आहेत आणि दलदल आहे. दलदल म्हणजे पाणी आणि चिखल एकत्र साठलेली जमीन. तिथेही जमीन भुसभुशीत आणि तिथेही चाक रुततं. मग त्यांनी तिथल्या कामासाठी पट्ट्यांचा ट्रॅक्टर बनवला. 1953 साली तो बाजारात आला. त्याचं नाव मस्केग. हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे आणि त्याचा अर्थच दलदल.

लाकूडतोडीसाठी, तेल शोधण्यासाठी, विजेच्या तारा टाकण्यासाठी मस्केग कामाला लागला. 1957–58 मध्ये व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने अंटार्क्टिका खंड जमिनीवरून पार केला. त्यांनी नेलेल्या गाड्यांत एक मस्केगही होता. याच मोहिमेत दुसऱ्या बाजूने आलेल्या तुकडीचे प्रमुख होते एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी.

8. पिवळी छोटी गाडी

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी आपण चित्रपटांत पाहतो. ती कधी आली?

ती बोम्बार्डिए यांच्या मनात तरुणपणापासून होती. एका-दोघांना नेणारी, हलकी, चपळ. पण त्यासाठी इंजिनही हलकं हवं, आणि तसं इंजिन तेव्हा मिळत नव्हतं. ते 1950 च्या दशकात मिळू लागलं. त्याच काळात त्यांचा मुलगा जेर्मां याच्यासोबत त्यांनी अखंड रबरी पट्टा तयार केला. अखंड म्हणजे मध्ये जोड नसलेला.

1959 साली छोटी गाडी विक्रीला आली. नाव स्की-डू. असं सांगतात की ठरवलेलं नाव स्की-डॉग होतं, कारण ती उत्तरेकडच्या कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणार होती. पण लिहिताना शेवटचं अक्षर चुकलं आणि चुकलेलंच नाव सगळ्यांना आवडलं! पहिल्यांपैकी एक गाडी उत्तरेकडच्या एका दुर्गम वस्तीत काम करणाऱ्या पाद्र्यांकडे गेली. पहिल्या हंगामात 225 गाड्या विकल्या गेल्या. पाच वर्षांत हा आकडा वर्षाला 8,000 च्या पुढे गेला.

आणि इथे एक गंमत झाली. गाडी बनवली कामासाठी, पण शहरातल्या लोकांनी ती घेतली खेळण्यासाठी. ज्या हिवाळ्याची भीती वाटायची, त्या हिवाळ्याची लोक वाट बघू लागले. याला दुसरी बाजूही आहे. गाडीचा आवाज शांत जंगलात घुसला, वेगाने अपघात होऊ लागले, आणि उत्तरेकडच्या अनेक वस्त्यांत कुत्र्यांच्या घसरगाड्या मागे पडत गेल्या. नवी वस्तू येते तेव्हा तिच्याबरोबर सगळंच चांगलं येतं असं नाही.

9. नंतर

स्की-डूची खरी भरभराट बोम्बार्डिए यांना पाहता आली नाही. त्यांना कर्करोग झाला होता. 18 फेब्रुवारी 1964 रोजी शेरब्रुकला त्यांचं निधन झालं. वय फक्त 56. त्याच शहरात ते लहानपणी शाळेत गेले होते, आणि तिथल्याच इस्पितळापर्यंत ते इव्हाँला नेऊ शकले नव्हते.

कंपनी आधी जेर्मां यांनी आणि मग जावई लोराँ बोदुआँ यांनी सांभाळली. पुढे तिने आगगाड्या आणि विमानंही बनवली. मुंबईच्या काही लोकल गाड्यांत याच कंपनीची विजेची यंत्रणा आहे. मुंबईकर त्यांना बंबार्डियर लोकल म्हणतात. स्की-डू बनवणारा विभाग 2003 साली वेगळा झाला. दुबईच्या समुद्रात तुम्ही सी-डू नावाची वॉटर स्कूटर किंवा वाळवंटात कॅन-ॲम नावाची बग्गी पाहिली असेल. ती याच वेगळ्या झालेल्या कंपनीची.

वालकूरला आज बोम्बार्डिए यांच्या नावाने उभारलेलं संग्रहालय आहे. त्यांचं 1926 चं छोटं गॅरेज तिथे जपून ठेवलं आहे. एवढ्याशा खोलीत त्यांनी कितीतरी हिवाळे घालवले, एकच गाडी पुन्हा पुन्हा सुटी करत आणि जोडत. आता तिथल्या रस्त्यावरचा बर्फ हिवाळ्यात रोज हटवला जातो. आजारी मुलाला घेऊन कोणी निघालं, तर साधी मोटार पुरते.

विचार करा आणि सांगा

1. टायरमधली हवा कमी करणं आणि गाडीला पट्टा लावणं, यांत सारखं काय आहे? दोन-तीन वाक्यांत सांगा.
2. 1948 चा निर्णय गावासाठी चांगला आणि कारखान्यासाठी वाईट का होता?
3. वडिलांनी पहिली गाडी मोडायला लावली, ते तुम्हाला बरोबर वाटतं का? का?
4. हे शब्द वापरून तुमची वाक्यं करा: भुसभुशीत, रुतणे, उसने, दलदल, रस्ता तुटणे.
5. घरातल्या मोठ्यांना विचारा: त्यांच्या गावाचा रस्ता कधी बंद पडला होता का? तेव्हा लोकांनी काय केलं? ऐकलेलं दहा ओळींत लिहा.